मुंबईचे आंदण आणि नागासाकीचा दरवाजा

नागासाकी बंदराच्या काठावरील मिनामि-यामाते या टेकडीवर थॉमस ग्लव्हर नामक स्कॉटिश व्यापाऱ्याने १८६३ साली बांधविलेला लाकडी बंगला अद्याप उभा आहे. त्याच्या पडवीत उभे राहिले असता खाली आत शिरलेली चिंचोळी खाडी, पलीकडच्या तीरावरील मित्सुबिशी कंपनीची जहाजगोदी, आणि दोहोंमध्ये संथपणे ये-जा करणाऱ्या लहानमोठ्या आगबोटी असा सारा देखावा एका दृष्टिक्षेपात येतो. ही रुंद पडवी काही जपानी घरबांधणीतली नव्हे. हिंदुस्थान, सिंगापूर, शांघाय असे मुक्काम करीत इंग्रजांच्या सामानसुमानाबरोबर ती येथवर आलेली आहे. इंग्रजी साम्राज्य आणि जपान यांच्या संबंधांच्या खुणा पाहात नागासाकीहून योकोसुकापर्यंत जावे असा माझा बेत होता, आणि त्या दोघांच्या देवघेवीच्या वहीत हिंदुस्थानच्या खात्यावर पडलेल्या नोंदी मला विशेषेकरून हुडकावयाच्या होत्या.

त्यातली पहिली नोंद नागासाकीच्या उत्तरेस, हिरादो बेटावर सापडते. १६०० सालच्या एप्रिल महिन्यात विल्यम ॲडम्स हा केंट परगण्यातला सुकाणूदार एका मोडक्यातोडक्या डच जहाजातून जपानच्या किनाऱ्यास लागला. पुढे शोगुनपदावर आलेल्या तोकुगावा इयेयासूने त्यास आरंभी कैदेत टाकले, मग जवळ केले, आणि शेवटी जहागीर देऊन आपल्या पदरी ठेवून घेतले. १६१३ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान जॉन सॅरिस ‘क्लोव्ह’ हे जहाज घेऊन हिरादोस आला, तेव्हा व्यापाराची सनद मिळवून देण्याच्या कामी हाच ॲडम्स दुभाष्या व वकील झाला. कंपनीची सुरतेची वखारही याच सुमारास उभी राहिली. म्हणजे सुरत आणि हिरादो ही एकाच गुंतवणुकीची दोन जुळी अपत्ये होत. ॲडम्सने सल्ला दिला होता की, वखार राजधानीजवळच्या उरागा बंदरात घालावी; परंतु डचांच्या शेजारी बसण्याच्या हव्यासाने सॅरिसने हिरादोच पत्करले. पुढील दहा वर्षे वखारीचा मुख्य रिचर्ड कॉक्स याने इंग्रजी लोकरीचे जाड कापड खपविण्याची शिकस्त केली. जपान्यांना हवे होते चिनी रेशीम, आणि ते कंपनीजवळ नव्हते. त्यातच इयेयासूच्या मृत्यूनंतर व्यापार हिरादो व नागासाकी या दोन बंदरांपुरता आखडला गेला, आणि १६२३ साली वखारीला कुलूप लागले. हिरादोस डचांच्या वखारीची कोठी अलीकडे नव्याने उभारलेली आहे. इंग्रजांच्या वखारीच्या नावाने दाखविण्यास मात्र एका शिळेपलीकडे फारसे काही नाही. वखार बसविण्यात चूक झाली हे खरे, पण गाशा वेळेवर गुंडाळला हेही कंपनीच्या हिशेबीपणास शोभण्यासारखेच झाले.

मात्र मुंबईकराने नागासाकीच्या धक्क्यावर उभे राहून आठवावी अशी घटना याच्यानंतर पन्नास वर्षांनी घडली. १६७३ साली कंपनीने ‘रिटर्न’ नावाचे जहाज पुन्हा नशीब अजमावण्यास नागासाकीस धाडले. शोगुनच्या अधिकाऱ्यांनी जहाजावर चढून जी उलटतपासणी केली, तिच्यात निशाणावरील क्रुसाची चौकशी होती, धर्माची होती, आणि एक प्रश्न असा होता की, तुमच्या राजाने पोर्तुगालच्या राजघराण्यातील मुलगी केली हे खरे काय? पोर्तुगीज हे जपानातून हद्दपार झालेले, आणि त्यांचा धर्म तेथे देहान्ताच्या शिक्षेस पात्र ठरलेला. डचांनी ही लग्नाची वार्ता आगाऊच कानावर घालून ठेवलेली असल्यामुळे नाकबूल करण्याची सोय नव्हती. तेव्हा आपल्या वैऱ्याच्या जावयाशी आम्हांस व्यवहार कर्तव्य नाही अशा अर्थाचे उत्तर मिळाले आणि जहाजास नांगर उचलावा लागला.

ते लग्न म्हणजे दुसऱ्या चार्ल्सचे ब्रॅगान्झाच्या कॅथरीनशी झालेले लग्न. आणि त्यात आंदण म्हणून इंग्रजांस जे मिळाले ते मुंबईचे बेट. १६६८ साली सालीना दहा पौंड खंडावर राजाने ते कंपनीच्या हवाली केले होते. ज्या लग्नाने कंपनीस पश्चिम किनाऱ्यावर मुंबईसारखे बंदर मिळवून दिले, त्याच लग्नाने तिच्यावर पूर्व समुद्रातले नागासाकी पावणेदोनशेहून अधिक वर्षे बंद करून टाकले! मुंबईच्या इतिहासाच्या आपल्या पुस्तकांत आंदणाची गोष्ट सर्वत्र सांगितलेली असते. तिची ही दुसरी बाजू सांगणारा मात्र क्वचित भेटतो.

बंद दरवाजावर पुढची थाप पडली ती मात्र व्यापाऱ्याची नव्हती. १८०८ च्या ऑक्टोबरात ‘फेटन’ ही इंग्रजी लढाऊ नौका डच निशाण चढवून याच खाडीत शिरली. स्वागतास गेलेले दोन डच कारकून तिने पकडून ठेवले, आणि अन्नपाणी न दिल्यास बंदरातील गलबते जाळून टाकण्याची धमकी दिली. कप्तान फ्लीटवुड पेल्यू याचे वय तेव्हा विशीच्याही आत होते. बंदराच्या रक्षणास हजार शिपाई ठेवण्याची जबाबदारी सागा संस्थानची होती. प्रत्यक्षात शंभराच्या आसपासच तैनात होते, बाकीचे खर्च वाचविण्यासाठी घरी पाठविलेले. नाइलाजाने मागणी पुरविली गेली, नौका निघून गेली, आणि त्याच रात्री नागासाकीचा सुभेदार मात्सुदाइरा यासुहिदे याने पोट फाडून प्राण दिला. या अपमानातून दोन गोष्टी निपजल्या. एक, परदेशी जहाज किनाऱ्याजवळ दिसताच विनाचौकशी तोफ डागावी असा १८२५ चा हुकूम. आणि दुसरी, सरकारी दुभाष्यांनी डच भाषेबरोबर इंग्रजीचा चालविलेला अभ्यास, ज्यातून १८१४ साली इंग्रजी-जपानी शब्दकोश सिद्ध झाला. शत्रूवर तोफ रोखणे आणि त्याची भाषा शिकणे ही दोन्ही कामे एकाच वेळी हाती घेण्याची ही रीत जपानच्या पुढील सर्व चरित्रात दिसून येते, आणि अशी रीत आमच्याकडे अठराव्या शतकात असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

चीनच्या अफूच्या युद्धाची हकीकत कानी येताच १८४२ साली तो तोफेचा हुकूम सौम्य करण्यात आला. १८५४ साली ॲडमिरल स्टर्लिंगने नागासाकीस एक त्रोटक करार केला, आणि २६ ऑगस्ट १८५८ रोजी लॉर्ड एल्जिनने एदो (आजचे टोकियो) येथे व्यापाराचा पुरा तह पदरात पाडून घेतला. हा एल्जिन म्हणजे चीनवरच्या मोहिमेस निघालेली फौज १८५७ च्या उठावाची बातमी लागताच हिंदुस्थानकडे वळवून देणाराच. पुढे तोच आपला व्हाइसरॉय झाला आणि १८६३ साली धरमशाला येथे वारला. त्याच्या तहाने इंग्रज माणसाचा इन्साफ जपानी न्यायाधीशाने करावयाचा नाही, तो इंग्रज वकिलातीनेच करावयाचा, असे ठरले. हे कलम जपान्यांच्या मनात पुढे छत्तीस वर्षे सलत राहिले.

नागासाकीहून आगगाडीने दक्षिणेस कागोशिमाकडे निघालो. कागोशिमाच्या खाडीच्या ऐन मधोमध साकुराजिमा हा जागृत ज्वालामुखी धुमसत असतो आणि गावातली माणसे अंगणात पडलेली राख झाडून पिशव्यांत भरून ठेवतात. सात्सुमा संस्थानची ही राजधानी. त्या काळची घडी मराठी वाचकास समजावयास अवघड नाही: राजा क्योतोत, कारभार शोगुनकडे एदोत, म्हणजे आपल्याकडे सातारा आणि पुणे. सात्सुमासारखे बलाढ्य संस्थानिक शोगुनचे नावापुरते ताबेदार असत आणि मनातून त्याचा पाडाव इच्छीत. १४ सप्टेंबर १८६२ रोजी सात्सुमाचा कर्ता पुरुष शिमाझू हिसामित्सू याची स्वारी तोकाइदो रस्त्याने एदोहून परतत असताना योकोहामाजवळच्या नामामुगी गावी चार इंग्रज समोरून घोड्यांवरून आले. त्यांत एक बाई होती. स्वारी जाताना रयतेने रस्त्याच्या कडेस गुडघे टेकावे असा शिरस्ता. हे चौघे पायउतारही झाले नाहीत. सरदारांच्या तलवारी बाहेर पडल्या, शांघायहून फिरावयास आलेला चार्ल्स रिचर्डसन मारला गेला, आणि दोघे पुरुष घायाळ होऊन पळाले.

इंग्रज सरकारने शोगुनकडे एक लक्ष पौंड आणि सात्सुमाकडे पंचवीस हजार पौंड दंड मागितला. शोगुनने भरला, सात्सुमाने भरला नाही. म्हणून १८६३ च्या ऑगस्टात ॲडमिरल कूपर सात जहाजे घेऊन कागोशिमाच्या खाडीत आला. ऐन वादळात किनाऱ्यावरील मोर्चांनी तोफा डागल्या, तेव्हा ‘युरायलस’ या मुख्य जहाजाकडून प्रत्युत्तर येण्यास बराच उशीर लागला. त्याचे कारण अर्नेस्ट सॅटो या तरुण दुभाष्याने, जो स्वतः त्या ताफ्यात होता, नमूद करून ठेवले आहे: शोगुनने दंडाखातर दिलेल्या रकमेच्या पेट्या दारूखान्याच्या दारासमोर रचून ठेवलेल्या होत्या, आणि त्या हलविल्याखेरीज दारूगोळा हाती येत नव्हता. त्या जहाजाचा कप्तान आणि त्याचा दुय्यम एकाच गोळ्याने ठार झाले. उलट बाजूस गावाचा मोठा भाग जळून खाक झाला आणि तोफांचा कारखानाही गेला. तो कारखाना ज्या जागी होता तेथे आता शोको शूसेइकान नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. दगडी भिंतींची ती इमारत १८६५ साली, म्हणजे गोळीबारानंतर दोनच वर्षांनी, पुन्हा उभी केलेली होय.

दोन वर्षांत एवढे कसे साधले याचे उत्तर कागोशिमाच्या मुख्य स्थानकासमोर उभे आहे. उंच चौथऱ्यावर काही तरुणांचे पुतळे आहेत. पाश्चात्य पोशाख, नजरा दूरवर. दंडाची रक्कम सात्सुमाने शोगुनकडूनच उसनी घेऊन भरली, आणि लगोलग इंग्रजांशी स्नेह जोडून १८६५ साली एकोणीस जणांस गुप्तपणे लंडनला शिक्षणास पाठविले. परदेशगमनास तेव्हा देहान्त शिक्षा होती. जाण्याची सोय केली त्या नागासाकीच्या ग्लव्हरनेच. या एकोणिसांपैकी दोघे सात्सुमाचे रहिवासी नव्हते, म्हणून त्यांचे पुतळे येथे बसविले नव्हते. ती दुरुस्ती २०२० साली झाली. प्रांताभिमान हा काही आमचाच मक्ता नव्हे! चोशू संस्थानने तर त्याआधीच, १८६३ साली, पाच तरुण लंडनला धाडले होते, आणि त्यांतला इतो हिरोबुमी पुढे जपानचा पहिला पंतप्रधान झाला. १८६८ साली शोगुनशाही संपली ती मुख्यतः या दोन संस्थानांच्या बळावर. त्यांच्या बंदुकांपैकी पुष्कळ ग्लव्हरने विकलेल्या होत्या. इंग्रज वकील सर हॅरी पार्क्स वरून तटस्थ होता, परंतु वारा कोणीकडून वाहतो आहे हे त्याचा सॅटो आधीच ओळखून बसला होता.

कागोशिमाहून योकोहामास यावे आणि प्रथम नामामुगी गाठावे. तोकाइदोचा तो रस्ता आता गोदामांतून आणि कारखान्यांतून हरवला आहे. १८८३ साली बसविलेली स्मारकशिला मात्र किरिन कंपनीच्या बिअरच्या कारखान्याच्या शेजारी आढळते, आणि वाऱ्याची दिशा असेल त्याप्रमाणे तेथे आंबवलेल्या धान्याचा उग्र वास येतो. किरिनची पूर्वज कंपनी १८८५ साली स्थापन करण्यात त्याच ग्लव्हरचा हात होता हे कळल्यावर या गृहस्थाच्या सर्वसंचाराचे नवल वाटू लागते. रिचर्डसनची कबर योकोहामातल्या यामाते टेकडीवरील परदेशीयांच्या दफनभूमीत आहे. तेथेच एडमंड मोरेल निजला आहे. शिम्बाशी ते योकोहामा हा जपानचा पहिला लोहमार्ग त्याने आखला आणि तो १८७२ साली खुला होण्यापूर्वीच तो वारला.

याच टेकडीवर १८६४ च्या सुमारास इंग्रजांची छावणी पडली, ती १८७५ पर्यंत हलली नाही. तीत मुंबई इलाख्याच्या फौजेतले बलुची पलटणीचे शिपाईही काही काळ तैनात होते. हिंदुस्थानात ताबा ठेवण्यास उभारलेली पलटण जपानात वखार राखण्यास पाठविणे हा साम्राज्याचा काटकसरी कारभार होय. आणि साम्राज्याच्या इन्साफाचा मासला पाहावयाचा असेल तर तोही येथेच आहे. १८८६ साली ‘नॉर्मंटन’ ही इंग्रजी आगबोट बुडाली. कप्तान ड्रेक आणि युरोपीय खलाशी होड्यांत बसून बचावले, पंचवीस जपानी उतारू मात्र एकूणएक बुडाले, आणि त्यांच्याबरोबर हिंदी खलाशीही गेले. कोबेच्या वकिलातीत कप्तानास निर्दोष ठरविले गेले. जपानभर ओरड झाली, तेव्हा योकोहामाच्या इंग्रजी कोर्टाने तीन महिन्यांची कैद दिली. जपानी वृत्तपत्रांनी आपल्या पंचवीस माणसांचा शोक केला, तो योग्यच होता. हिंदी खलाशांसाठी कोणी रडल्याचे दाखले शोधूनही हाती लागत नाहीत. १६ जुलै १८९४ रोजी लंडनमध्ये झालेल्या तहाने हे परक्या कोर्टांचे कलम रद्द ठरले आणि १८९९ पासून ते अमलात आले.

मधल्या काळात मुंबईनेही एक खेळी केली होती. जपानच्या गिरण्यांना आपला कापूस हवा, आणि त्याची नेआण पी अँड ओ या इंग्रजी कंपनीच्या मुठीत. भाडे ती म्हणेल ते. जमशेटजी टाटांनी निप्पोन युसेन कंपनीशी करार करून १८९३ च्या नोव्हेंबरात कोबे-मुंबई असा स्वतंत्र आगबोटीचा मार्ग सुरू करविला, आणि इंग्रजी कंपनीने भाडे तळाला नेऊन टक्कर दिली तरी जपानी कंपनी हटली नाही. योकोहामाच्या धक्क्याजवळची या कंपनीची खांबांची भव्य इमारत पाहताना मुंबईच्या माणसाने तेवढे अगत्याने आठवावे.

योकोहामापासून थोड्याच अंतरावर योकोसुका. त्या लोहमार्गावर आंजिनझुका नावाचे स्थानक लागते. ॲडम्सची हेमी येथील जहागीर याच परिसरात, आणि टेकडीवर त्याच्या व त्याच्या जपानी पत्नीच्या नावाने दोन दगडी स्तंभ शेजारी शेजारी आहेत. परंतु लोक जातात ते ‘मिकासा’ पाहावयास. रशियाच्या आरमाराचा २७ व २८ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत ज्या जहाजावरून ॲडमिरल तोगोने निःपात केला ते हे जहाज, समुद्राच्या काठास जमिनीत रोवून ठेवलेले. तोगोने आरमारी विद्या इंग्लंडात घेतली. जहाज व्हिकर्स कंपनीने बॅरो येथे बांधले, १९०० साली पाण्यात सोडले आणि १९०२ साली जपानच्या हवाली केले. त्या लढाईपूर्वी जपानने बांधून घेतलेल्या सहाही मोठ्या युद्धनौका इंग्रजी गोद्यांतल्याच होत्या. वरच्या मजल्यावर बारा इंची तोफांची प्रचंड नळकांडी समुद्राकडे रोखलेली दिसतात, पण हात लावला की कळते की या तोफा नकली आहेत. मूळच्या दुसऱ्या महायुद्धानंतर काढून नेल्या. त्या पडत्या काळात या जहाजावर नाचगाण्याची आणि मासे पाहावयाची जागा झाली होती. बॅरोचाच जन्म असलेल्या एका इंग्रज गृहस्थाने १९५५ साली वर्तमानपत्रात खरमरीत पत्र लिहिले, तेथून जीर्णोद्धाराची चळवळ उभी राहिली आणि १९६१ साली ती तडीस गेली.

जहाजाच्या आतील दालनांत इंग्रज-जपानी स्नेहाचे स्मरण पदोपदी आहे. ३० जानेवारी १९०२ रोजी लॉर्ड लॅन्सडाउन आणि हायाशी तादासू यांनी लंडनमध्ये जो दोस्तीचा तह केला त्याने रशियास एकटे पाडले. एके काळी परक्यांशी तहच नको म्हणणारे जपान आणि ‘वैभवशाली एकांत’ मिरविणारे इंग्लंड या दोघांनीही आपापला सोवळेपणा एकदमच सोडला. त्सुशिमाची बातमी हिंदुस्थानात पोहोचली तेव्हा आशियाच्या एका राष्ट्राने युरोपच्या एका महासत्तेस धूळ चारली म्हणून खेड्यापाड्यांतून हर्ष झाला. त्यानंतर अडीच महिने झाले नाहीत तो, १२ ऑगस्ट १९०५ रोजी, त्या तहाचे नूतनीकरण झाले, आणि त्याची व्याप्ती हिंदुस्थानपर्यंत वाढविण्यात आली. हिंदुस्थानच्या सरहद्दीजवळ तेथील मुलूख राखण्यास इंग्रजांस जे उपाय योजावे लागतील ते योजण्याचा त्यांचा हक्क जपानने मान्य केला. ज्यांच्या विजयाची मिठाई आपण वाटली त्यांनीच आपल्या पारतंत्र्याच्या कागदावर साक्ष घातली! त्याबद्दल जपानवर रोष धरण्यात अर्थ नाही. कोरिया जपान्यांना हवा होता, हिंदुस्थान इंग्रजांना राखावयाचा होता, आणि तह हे असेच होत असतात.

ती साक्ष कागदोपत्री राहिली नाही. १९१५ च्या फेब्रुवारीत सिंगापुरात हिंदी पलटणीने बंड केले तेव्हा ते मोडण्यास जपानी आरमाराचे शिपाई किनाऱ्यावर उतरले. त्याच वर्षी हिंदी क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानात आश्रयास आले असता इंग्रजांच्या आग्रहावरून जपान सरकारने त्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला. शिंजुकूतील नाकामुराया या बेकरीच्या मालकांनी त्यांना घरात लपविले, म्हणून ते वाचले. पुढे १९१९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेत वंशसमतेचे कलम घालावे ही जपानची मागणी इंग्रजी वसाहतींच्या, विशेषतः ऑस्ट्रेलियाच्या, हट्टाने फेटाळली गेली. १९२१ च्या वॉशिंग्टन परिषदेत अमेरिकेच्या मर्जीखातर दोस्तीच्या तहाचेही विसर्जन झाले. १९३३ साली लँकेशायरच्या संरक्षणासाठी हिंदुस्थान सरकारने बिगर-इंग्रजी सुती कापडावर शेकडा पंचाहत्तर जकात बसविली, तेव्हा जपानी गिरण्यांनी उलट आमच्याच कापसावर बहिष्कार घातला, आणि भाव पडले ते वऱ्हाड-खानदेशासारख्या कापूस पिकविणाऱ्या मुलखांत. शेवटी दुसऱ्या महायुद्धात दोघे समोरासमोर आले, आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी इंग्रज सेनापती पर्सिव्हलने जपानी सेनापती यामाशितापुढे सिंगापुरात शस्त्रे ठेवली.

त्या युद्धाचा शेष योकोहामाच्या होदोगाया भागात, मुलांच्या वनस्पती-उद्यानाला लागून आहे. राष्ट्रकुलाच्या दफनभूमीत इंग्रज, ऑस्ट्रेलियन, कॅनडा-न्यूझीलंडचे आणि हिंदी असे निरनिराळे विभाग असून, बहुतेक जण जपानात युद्धकैदी असता वारलेले आहेत. गवत निगुतीने कापलेले, शिळा जमिनीलगत. हिंदी विभागात मी गेलो तेव्हा दुसरे कोणीही नव्हते. इंग्रजांच्या विभागात मात्र ताजी फुले होती.

महायुद्धानंतर राष्ट्रकुलाची जी फौज जपानच्या ताब्यासाठी आली तिच्यात हिंदी ब्रिगेड होती, आणि त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, जंगी पलटण, होती. तिचे जवान इटलीतली लढाई संपवून तेथे गेले होते. १९४७ साली ही हिंदी फौज परतली. जपानशी युद्ध संपविणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या तहावर भारताने सही केली नाही. ९ जून १९५२ रोजी टोकियोत जपानशी स्वतंत्र तह केला, आणि त्यात युद्धाच्या नुकसानभरपाईवरील आपला हक्क सोडून दिला.